एका हंगामात अनेक मॅरेथॉन : नियोजन मधल्या आठवड्यांचे

एका मॅरेथॉनच्या, म्हणजे 42.195 किलोमीटरच्या शर्यतीच्या, तयारीचे आराखडे विपुल उपलब्ध आहेत. ते साधारणपणे 16 ते 20 आठवड्यांचे असतात आणि शर्यतीच्या दिवशी संपतात. ज्याने चार ते सहा महिन्यांच्या एका हंगामात तीन किंवा चार मॅरेथॉन धावण्याचे ठरवले आहे, त्याचा खरा प्रश्न मात्र तो आराखडा संपल्यानंतर, म्हणजे पहिल्या शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना सुरू होतो. पुढची शर्यत पाच आठवड्यांवर आलेली असते, मांड्या आखडलेल्या असतात, आणि आता विश्रांती घ्यावी की सराव सुरू ठेवावा याचे उत्तर त्या आराखड्यात नसते. माझ्या मते असा हंगाम शर्यतीच्या दिवसांत घडत नाही. तो दोन शर्यतींच्या मधल्या आठवड्यांत घडतो किंवा बिघडतो. म्हणून या मार्गदर्शनाचा मोठा भाग त्या मधल्या काळाविषयी आहे.

हे आव्हान कोणी स्वीकारावे याबद्दल थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. ज्याने आयुष्यात किमान दोन मॅरेथॉन वेगवेगळ्या वर्षी किंवा पुरेशा अंतराने पूर्ण केल्या आहेत, जो गेले वर्षभर मोठ्या खंडाशिवाय आठवड्याला 45 ते 50 किलोमीटर धावत आहे, आणि ज्याला गेल्या सहा महिन्यांत हाडाची दुखापत झालेली नाही, त्याने विचार करावा. पहिलीच मॅरेथॉन असेल तर एकच धावावी. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच कुटुंबात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी किंवा धावताना छातीत जडपणा जाणवणाऱ्यांनी, प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी. रक्ततपासणीत हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) पाहावे, कारण लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, लोहाचा साठा हिमोग्लोबिन उतरण्याच्या बराच आधी कमी झालेला असू शकतो आणि त्याचे पहिले लक्षण केवळ न समजणारा थकवा एवढेच असते.

शर्यती निवडताना

बहुतेक जण आवडत्या शर्यतींची यादी करतात आणि मग त्या दिनदर्शिकेत बसवतात. याच्या उलट करावे. आधी शर्यतींमधील अंतर ठरवावे आणि त्या अंतरात जी शर्यत बसेल ती घ्यावी. पहिल्यांदा असा हंगाम करणाऱ्यासाठी दोन शर्यतींमध्ये सहा ते आठ आठवडे ही सोयीची रचना आहे. चार आठवडे चालतात, पण त्या काळात क्षमता वाढत नाही, ती फक्त टिकते. दोन आठवड्यांच्या अंतरात फक्त सावरता येते, तेही पहिली शर्यत हात राखून धावली असेल तरच. त्याहून कमी अंतर असेल तर त्या दोन स्वतंत्र शर्यती आहेत असे मानू नये. ते दोन भागांत विभागलेले एकच मोठे काम समजून दोन्ही भाग संथ धावावेत.

दुसरा निर्णय अधिक कठीण आहे, कारण तो अहंकाराला रुचत नाही: हंगामात सर्व ताकदीनिशी धावायची शर्यत एकच ठेवावी, फार तर दोन. उरलेल्या शर्यती लांब सरावाच्या धावेसारख्या धावाव्यात. केनियाचा अव्वल मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे कारकिर्दीतील बहुतेक वर्षे वर्षाला साधारण दोनच मॅरेथॉन धावत आला, कारण त्या दोन्हींत त्याला सर्वस्व पणाला लावायचे असते. जपानचा युकी कावाउची याने दुसरा मार्ग घेतला. सरकारी नोकरी सांभाळून तो वर्षाला दहाहून अधिक मॅरेथॉन धावत असे, त्यांपैकी अनेकांकडे सराव म्हणूनच पाहत असे, आणि 2018 साली थंडी-पावसात झालेली बॉस्टन मॅरेथॉन त्याने जिंकली. दोघांचे मार्ग भिन्न असले तरी हिशेब एकच आहे: पूर्ण जोर लावण्याच्या वेळा मोजक्या असतात आणि त्या कोठे खर्च करायच्या हे आधी ठरवावे लागते.

अमेरिकेची शॅलेन फ्लॅनगन हिने 2021 मध्ये केलेला उपक्रम या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. महासाथीमुळे त्या वर्षी जगातील सहा प्रमुख मॅरेथॉन सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात एकवटल्या होत्या. तिने बर्लिन, लंडन, शिकागो, बॉस्टन आणि न्यूयॉर्क या पाच प्रत्यक्ष, तर पुढे ढकललेल्या टोकियोच्या ऐवजी आपल्या ओरेगॉन राज्यात स्वतंत्रपणे तेवढेच अंतर, अशा सहा मॅरेथॉन 42 दिवसांत पूर्ण केल्या. प्रत्येक वेळी तीन तासांच्या आत, हे तिचे उद्दिष्ट होते. शिकागो आणि बॉस्टन तर लागोपाठच्या दिवशी होत्या. शिकागोला तिने 2 तास 46 मिनिटे 39 सेकंद घेतले, ही तिची सहांतील सर्वांत संथ वेळ. न्यूयॉर्कला, म्हणजे शेवटच्या शर्यतीत, 2 तास 33 मिनिटे 32 सेकंद, ही सर्वांत जलद. ती माजी ऑलिंपिक पदकविजेती आणि 2017 ची न्यूयॉर्क विजेती होती, त्यामुळे तिच्या वेळा आपल्यासाठी नाहीत. आपल्यासाठी आहे ती उद्दिष्टाची रचना: तिने स्वतःच्या क्षमतेपेक्षा बरेच सैल उद्दिष्ट ठरवले, आणि म्हणून शेवटच्या शर्यतीसाठी तिच्या पायांत काही शिल्लक राहिले.

प्रवासाचा भार अनेकदा हिशेबात धरला जात नाही. पूर्वेकडे जाताना शरीराचे घड्याळ जुळायला साधारणपणे प्रत्येक तासाच्या फरकामागे एक दिवस लागतो. पश्चिमेकडे जाणे थोडे सोपे जाते. पाच-सहा तासांचा फरक ओलांडून शर्यतीच्या आदल्या दिवशी पोहोचणारा धावपटू अर्धवट झोपेत धावतो. अशा शर्यतीला मुख्य शर्यतीचा मान देऊ नये.

पहिल्या शर्यतीपर्यंत

पायाभूत तयारी नेहमीच्या मॅरेथॉनसारखीच असते, फक्त भर थोडा बदलतो. एका शर्यतीसाठी आपण शिखर गाठतो. अनेक शर्यतींसाठी पठार तयार करावे लागते. आठवड्याचे एकूण अंतर हळूहळू वाढवावे, दर तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यात ते मुद्दाम कमी करावे, आणि एकूण धावण्यापैकी सुमारे 80 टक्के धावणे गप्पा मारता येतील इतक्या सावकाश वेगाने करावे. 32 ते 35 किलोमीटरची एखादी विक्रमी सराव-धाव करण्यापेक्षा लागोपाठ दोन दिवसांत 16 आणि 24 किलोमीटर अशी जोडी करणे या हंगामासाठी मला अधिक उपयुक्त वाटते, कारण थकलेल्या पायांनी पुन्हा निघण्याची सवय त्यातून लागते आणि एकाच दिवसाचा आघात मर्यादित राहतो.

पायांचे बळ वाढवणारा व्यायाम हंगाम सुरू होण्यापूर्वी तीन महिने तरी आठवड्यातून दोनदा करावा. त्यात पोटऱ्यांना अग्रक्रम द्यावा. धावताना गुडघा किंचित वाकलेला असताना पोटरीच्या आतल्या स्नायूवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो आणि हंगामाच्या उत्तरार्धात टाचेमागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा) कुरकुरू लागते ती बहुधा या स्नायूच्या अपुऱ्या ताकदीमुळे. एका पायावर उभे राहून टाच उचलण्याचे सलग 25 आवर्तन दोन्ही पायांनी करता येत नसतील, तर आधी तेवढे जमवावे. बुटांच्या बाबतीत दोन जोड आलटून पालटून वापरावेत. बहुतेक बूट 500 ते 800 किलोमीटरपर्यंत साथ देतात, त्यामुळे संपूर्ण हंगाम एकाच जोडीवर काढण्याचा हिशेब बसत नाही. शर्यतीच्या आठवड्यात नवा बूट पायात घालू नये, हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही दर शर्यतीत कोणीतरी फोड घेऊन बसलेला दिसतो.

दोन शर्यतींच्या मधले आठवडे

मॅरेथॉननंतर शरीरात नेमके काय होते हे समजून घेतले की पुढचे निर्णय सोपे होतात. प्रत्येक पावलाला पाय जमिनीवर टेकताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावतो, आणि या विरोधी ताणामुळे स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. त्या इजेची खूण असणारे क्रिएटिन कायनेज हे विकर (एन्झाइम) रक्तात साधारण पहिल्या दिवसाच्या सुमारास सर्वाधिक असते आणि पूर्ववत व्हायला आठवडा किंवा अधिक काळ लागू शकतो. दुखणे मात्र तीन-चार दिवसांत ओसरते. या दोन मुदतींमधला फरक हाच सर्वांत मोठा सापळा आहे: पाचव्या दिवशी पाय दुखत नाहीत, म्हणून धावपटू जोरात धावतो, आणि आतून अजून न सावरलेल्या स्नायूंमुळे सगळा भार कंडरा आणि हाडांवर जातो. कंडरा आणि हाडे स्नायूंपेक्षा संथपणे सावरतात आणि तक्रारही उशिरा करतात. माझ्या पहिल्या अशा हंगामात सहाव्या दिवशी मी वेगाच्या सरावाला गेलो होतो. त्याची किंमत तिसऱ्या शर्यतीत, तीन आठवड्यांनंतर, नडगीच्या दुखण्याच्या रूपाने चुकवावी लागली.

चार आठवड्यांचे अंतर असेल तर पुढीलप्रमाणे चालावे. पहिले पाच दिवस अजिबात धावू नये. रोज अर्धा तास चालावे, शक्य असल्यास पोहावे किंवा हलक्या हाताने सायकल चालवावी, म्हणजे रक्ताभिसरण चालू राहते पण आघात होत नाही. सहाव्या किंवा सातव्या दिवशी 20 ते 30 मिनिटांची अतिशय सावकाश धाव घ्यावी आणि तीत एक पाय दुसऱ्यापेक्षा वेगळा पडतो का, याकडे लक्ष द्यावे. दुसऱ्या आठवड्यात नेहमीच्या अंतराच्या निम्मे धावावे, सर्व सावकाश. तिसरा आठवडा हा एकमेव खऱ्या सरावाचा आठवडा असतो: एकूण अंतर नेहमीच्या सुमारे तीन चतुर्थांश, त्यात एका दिवशी मॅरेथॉनच्या वेगाने 6 ते 8 किलोमीटर, आणि आठवड्याअखेर 20 ते 24 किलोमीटरची धाव. याहून लांब धावण्याची गरज नाही, कारण सर्वांत लांब धाव आपण तीन आठवड्यांपूर्वीच धावलेलो असतो. चौथ्या आठवड्यात अंतर पुन्हा निम्म्यावर आणावे, मात्र दोन-तीन वेळा एक-एक मिनिटाचे चपळ तुकडे ठेवावेत, म्हणजे पाय सुस्तावत नाहीत.

या चार आठवड्यांत आपली क्षमता घटते आहे, ही भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते. ती अनाठायी आहे. पूर्ण विश्रांती घेतली तरी पहिल्या आठ-दहा दिवसांत सहनशक्तीत होणारी घट अल्प असते, आणि अंतर बरेच कमी करूनही वेगाचा थोडा सराव टिकवला तर ती कित्येक आठवडे राखता येते. शर्यतीपूर्वी दोन आठवडे सरावाचे अंतर 40 ते 60 टक्क्यांनी कमी केल्यास कामगिरी सुधारते, हे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. अनेक मॅरेथॉनांच्या हंगामात आपण बहुतांश काळ याच अवस्थेत असतो. तिचा फायदा घ्यावा.

सहा ते आठ आठवड्यांचे अंतर असेल तर हाच साचा ताणावा: दोन आठवडे सावरण्याचे, दोन ते चार आठवडे सरावाचे, ज्यांत एकदाच 28 ते 30 किलोमीटरची धाव असेल, आणि शेवटचे दोन आठवडे उताराचे, म्हणजे अंतर कमी करत नेण्याचे. दोन आठवड्यांचे अंतर असेल तर काहीही कमावण्याचा प्रयत्न करू नये. पाच-सहा दिवस विश्रांती, त्यानंतर 30 ते 45 मिनिटांच्या चार-पाच हलक्या धावा, एवढेच पुरे आहे. या काळात जड वजने उचलण्याचा व्यायाम बंद ठेवावा. तो लांब अंतराच्या मधल्या आठवड्यांतच पुन्हा सुरू करावा, आणि तोही हलका.

सकाळी उठल्यावर अंथरुणातच नाडी मोजून लिहून ठेवण्याची सवय या काळात फार उपयोगी पडते. ती नेहमीपेक्षा 7 ते 10 ठोक्यांनी वर सलग दोन-तीन दिवस राहिली, झोप तुटक झाली आणि जेवणावरची वासना उडाली, तर त्या आठवड्याचा सराव रद्द करावा. घड्याळाने दाखवलेला ‘सज्जतेचा’ आकडा पाहण्यास हरकत नाही, पण जिना उतरताना गुडघे काय सांगतात, याला मी अधिक महत्त्व देतो.

शर्यतीचा दिवस

ज्या शर्यती मुख्य नाहीत, त्या आपल्या मॅरेथॉनच्या वेगापेक्षा किलोमीटरमागे 20 ते 30 सेकंद सावकाश धावाव्यात. हे ऐकायला मोठे वाटते, प्रत्यक्षात नुकसान थोडे असते. चार तासांत मॅरेथॉन पूर्ण करू शकणाऱ्याचा वेग किलोमीटरला सुमारे 5 मिनिटे 41 सेकंद असतो. तोच धावपटू 6 मिनिटे 1 सेकंदाने धावला तर त्याला 4 तास 14 मिनिटे लागतील. चौदा मिनिटांच्या बदल्यात सावरण्याचे कित्येक दिवस वाचत असतील तर हा सौदा स्वस्त आहे. अडचण अशी की, पहिल्या दहा किलोमीटरमध्ये हा वेग हास्यास्पद रीतीने संथ वाटतो आणि शेजारून लोक पुढे जात राहतात. तेथे संयम राखण्यासाठी वेगाऐवजी हृदयगतीची कमाल मर्यादा ठरवून घेणे सोपे जाते. अमेरिकी ऑलिंपियन जेफ गॅलोवे यांनी लोकप्रिय केलेली पद्धत, म्हणजे सुरुवातीपासूनच ठरावीक मिनिटे धावून अर्धा ते एक मिनिट चालणे, अशा शर्यतींसाठी उत्तम आहे. थकल्यावर चालणे आणि थकू नये म्हणून चालणे यांत मोठा फरक आहे.

हवामान वेळेचे उद्दिष्ट बदलते, हे स्वीकारावे. मॅरेथॉनसाठी साधारण 10 अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान अनुकूल असते. त्याहून बरेच उष्ण असेल तर सुरुवातीपासूनच वेग कमी करावा, कारण उष्णतेत केलेली चूक त्या दिवसापुरती राहत नाही, पुढचे दोन आठवडे खाऊन टाकते.

इंधनाचा हिशेब साधा आहे. धावताना शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे, प्रत्येक किलोमीटरला सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे 60 किलोच्या धावपटूला मॅरेथॉनसाठी सुमारे 2,500 किलोकॅलरी लागतात. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने साठवलेल्या कर्बोदकांचा, साठा मात्र ढोबळमानाने 2,000 किलोकॅलरींचा असतो. चरबीचा हातभार लागतो, पण वेग जितका अधिक, तितका ग्लायकोजेनचा वाटा मोठा, आणि तो संपत आला की तिसाव्या किलोमीटरनंतर पाय जड होतात, ज्याला धावपटू ‘वॉल’ म्हणतात. म्हणून तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे मिश्रण असेल आणि पोटाला सवय केली असेल तर 90 ग्रॅमपर्यंतही घेता येतात. ही सवय सरावातच करावी. पाणी तहानेनुसार प्यावे. बॉस्टनच्या 2002 च्या शर्यतीत तपासलेल्या धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तातील सोडियम धोकादायक पातळीकडे उतरलेले आढळले होते, आणि त्याचा संबंध अति पाणी पिण्याशी, म्हणजे शर्यतीच्या काळात वजन वाढण्याशी होता. संथ धावणाऱ्याला हा धोका अधिक, कारण त्याच्याजवळ पिण्यासाठी वेळ अधिक असतो. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके शर्यतीपूर्वी किंवा शर्यतीत घेऊ नयेत. पाणी कमी झालेल्या अवस्थेत ती मूत्रपिंडांवर ताण आणतात, शिवाय जी वेदना थांबण्यासाठी आलेली असते तीच झाकून टाकतात.

खाणे आणि झोप

शर्यत संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत काहीतरी खाल्लेच पाहिजे, हा आग्रह ज्याला दुसऱ्याच दिवशी पुन्हा धावायचे आहे त्याच्यासाठी खरा आहे. चार आठवड्यांनी धावणाऱ्याने घाई करू नये, पण पुढचे तीन-चार दिवस भरपूर खावे, कारण इजा झालेले स्नायू ग्लायकोजेन नेहमीपेक्षा सावकाश साठवतात. दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिने दिवसभरात विभागून घ्यावीत. हंगाम चालू असताना वजन घटवण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. दीर्घकाळ खर्चापेक्षा कमी खाल्ल्यास संप्रेरकांचे कार्य मंदावते, हाडे कमकुवत होतात आणि स्त्रियांमध्ये मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते. पाळी चुकणे ही सरावाची खूण नसून डॉक्टरांकडे जाण्याची सूचना आहे. झोपेबद्दल एवढेच सांगतो की, नेहमीपेक्षा रोज एक तास अधिक झोप मिळणार नसेल तर शर्यतींची संख्या एकाने कमी करावी.

कोठे थांबावे

स्नायू सगळीकडे सारखे दुखणे आणि हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी दुखणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात त्या पायावर उभे राहून एक हलकी उडी मारून पाहावी. वेदना झाल्यास धावणे त्याच दिवशी थांबवून तपासणी करून घ्यावी, कारण हाडाला गेलेली बारीक भेग दुर्लक्षित केल्यास सहा आठवड्यांची दुखापत सहा महिन्यांची होऊ शकते. खुब्यात किंवा जांघेत खोलवर दुखत असेल तर तपासणीला एक दिवसही उशीर करू नये. सर्दी नाकापुरती असेल तर हलके धावता येते; ताप, अंगदुखी किंवा छातीतला खोकला असताना धावू नये, कारण विषाणूचा संसर्ग हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचलेला असू शकतो.

माघार घेण्याच्या अटी हंगामापूर्वी, डोके शांत असताना, कागदावर लिहून ठेवाव्यात आणि घरातील एका व्यक्तीला दाखवून ठेवाव्यात. प्रवेशशुल्क भरले आहे, तिकिटे काढली आहेत, मित्रांना सांगून झाले आहे, अशा वेळी स्वतःचा निर्णय स्वतःविरुद्ध घेणे अवघड जाते. कागदावरची अट दाखवणारे दुसरे कोणी असेल तर ते सोपे होते. दोन मॅरेथॉन पूर्ण करून तिसरी सोडलेला धावपटू पुढच्या हंगामात धावत असतो.

शेवटच्या शर्यतीनंतर दोन आठवडे धावू नये आणि पुढचे दोन ते तीन आठवडे कोणत्याही आराखड्याशिवाय, घड्याळ घरी ठेवून, मन होईल तेव्हाच धावावे. फेरिटिनची तपासणी पुन्हा करावी. नव्या हंगामाची नोंदणी अनेक ठिकाणी याच सुमारास सुरू होते, पण जिना उतरताना आधारासाठी कठडा धरावा लागत असेपर्यंत अर्ज भरू नये.